सकाळी अकराचं धुकं

कापशेंच्या धक्क्यावर खनिज भरून झालं की
मी बार्जच्या अंगावरचे आकडे वाचतो:
नाळेकडे, मधोमध, सुकाणूकडे.
पाणी कुठवर चढलं त्यावरून टनांचा हिशेब.
पूर्वी तो चिठ्ठीवर लिहायचो,
आणि चिठ्ठी बार्जबरोबरच मुरगावला पोचायची.
फडते साहेब म्हणायचे,
बार्ज समोर उभी असताना चिठ्ठी कशाला वाचू?

म्हणून दोन हजार तीनच्या डिसेंबरात
तळहाताएवढा संगणक आला, सोबत एक काडी.
त्याला गुणाकार येतो, तारखा पाठ आहेत,
फक्त कुणाशी बोलता येत नाही.
बोलणं फोनकडून उसनं घ्यायचं.

दोघांना समोरासमोर ठेवायचं, वीतभर अंतरावर.
दोघांच्या कडेला एकेक काळी काच,
या काचेला ती काच दिसली पाहिजे.
मग फोन फोन राहत नाही,
त्याला तोंड नाही, कान नाही,
तो नुसती वाट होतो.
वाटेचं बिल मिनिटावर.

पण सातशे टनांखाली इंजिन थरथरतं
आणि टेबलावरचे दोघे हळूहळू
तोंड फिरवत जातात, जमिनीच्या वाटणीवरून
बिनसलेल्या भावांसारखे.
तांडेल कायताननं आपली घोंगडी चौघडी करून खाली घातली.
ऊन तिरपं आलं, जोडणी तुटली,
तर त्यानं दोघांवर आडवा पंजा धरला,
क्रुसाजवळच्या मेणबत्तीला वाऱ्यात धरतात तसा.
दुसरा हात सुकाणूवर.
शिरोड्याला काही नाही. बोरीच्या पुलाखाली एक रेघ.
दुर्भाटला दोन.
आकडे गेले.

पंजा तसाच ठेवून तो म्हणाला,
यातून येतंही का काही?

त्याचा इनास इटलीच्या जहाजावर, भांडी घासतो.
वास्कोच्या कॅफेतल्या पोरानं पत्ता काढून दिलेला,
तो बिडीच्या पाकिटावर, घामानं पुसट.
मी काडीनं एकेक अक्षर टोचलं.
ऑफिसचे पैसे, हे दोघांनाही ठाऊक होतं.
कुणी बोललं नाही.

पत्र उतरू लागलं, ओळ ओळ,
भरतीचं पाणी मानशीत शिरतं तसं, सावकाश.
रोमी लिपीतली कोंकणी, माझी जीभ अडखळते,
त्याचा चष्मा कुडतरीला राहिलेला.
मी अक्षरं लावायची, त्यानं शब्द ओळखायचे.
पाय, जेवण बरं आहे.
पाय, थंडी नको म्हणण्याएवढी.
पाय, एक गोष्ट आईला सांगू नका, मी

आणि रासईच्या वळणावर डोंगर आड आला.

मी म्हटलं, पुढे कुठ्ठाळीला मिळेल.
त्यानं उत्तर दिलं नाही.
इंजिनाची घंटा वाजवली. एकदा.
तीस वर्षांत त्यानं भरली बार्ज
नदीच्या मधोमध थांबवली नव्हती.
थांबली कुठे, ओहोटी तिला ओढतच होती,
मग त्यानं मागची कळ दाबली,
चिखल ढवळत आम्ही उलटे सरकलो,
खालून येणाऱ्या रिकाम्या बार्जवरचे खलाशी
काय झालं म्हणून ओरडले,
कायताननं डोकं हलवलं, पंजा हलवला नाही.

एक रेघ. गेली. एक रेघ.

उरलेलं पत्र तीन ओळींचं होतं.
ते मी वाचलं, त्यानं ऐकलं,
आणि पुन्हा वाच म्हणाला नाही.
नाकपुडीतून एकदा श्वास सोडला,
मग पंजा उचलून पाठीमागे पुसला,
जणू खरंच मेण सांडलं होतं.

मुरगावला आम्ही पस्तीस मिनिटं उशिरा.
नोंदवहीत मी लिहिलं: रासई येथे धुके.
फडते साहेबांनी खिडकीतून ऊन पाहिलं,
मग वहीकडे, मग माझ्याकडे.
सकाळी अकरा वाजता?

हो, म्हटलं. दाट होतं.
समोरचं वळण दिसत नव्हतं.